रक्त पातळ, व्रत घट्ट

माझ्या खोलीच्या दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी होती, पण नुंगंबाक्कमच्या आमच्या हॉस्पिटलात तिला सगळे ‘रत्तम रूम’ म्हणत. रत्तम म्हणजे रक्त. लिफ्टमन नव्या पेशंटला पत्ता सांगायचा तो असा: दुसरा मजला, उजवीकडे वळा, जिथून ओरडण्याचा आवाज येईल ती खोली. ओरडणारी मी असायची. सुई टोचून घेणारे बिचारे गप्प असायचे.

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमागे चेन्नईला आले, नर्स म्हणून कामाला लागले आणि इथलीच होऊन गेले. नोकरीची शेवटची बरीच वर्षं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या या खोलीत काढली. आता निवृत्त झाल्यावर शेजारणी विचारतात, इतकी वर्षं तिथे करत काय होतात? मी सांगते, लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसत होते आणि त्याचा पगार घेत होते.

ते खरंच आहे. कुणाच्या हृदयात धातूची झडप बसवली की रक्ताला ती परकी वाटते आणि ते तिच्याभोवती गोठायला बघतं. गाठ झाली तर झडप अडकते, नाहीतर गाठ सुटून मेंदूत जाते आणि चालताबोलता माणूस अर्धांगाने आडवा होतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, तीही जन्मभर. पण फार पातळ झालं तर ते वाट मिळेल तिथून वाहायला लागतं. हिरड्यांतून, नाकातून, पोटात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्याच्या आत. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा एक आकडा असतो. तुमचा-आमचा एकच्या आसपास. आमच्या बहुतेक झडपवाल्यांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. पिठल्यासारखं घट्ट नको आणि कटाच्या आमटीसारखं पातळ नको, असं मी मराठी पेशंटना सांगायची. बोटाला टोचून एक थेंब यंत्राला दिला की आकडा यायचा. तो बघून आमच्या डॉक्टरीणबाई गोळी कमीजास्त करायच्या, आणि आकडा बिघडला असेल तर तो का बिघडला हे खोदून काढायचं काम माझ्याकडे.

आता नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांना आकडा लागत नाही, की पथ्यपाण्याची एवढी कटकट नाही. पण धातूच्या झडपेला अजून जुनी वॉरफरिनच लागते. ही गोळी फार मानी. पालेभाजीशी तिचं वाकडं. पाल्यात रक्त गोठवायला मदत करणारं जीवनसत्त्व असतं, त्यामुळे पाला जास्त खाल्ला की आकडा खाली येतो, सोडला की वर चढतो. म्हणून आम्ही भाजी बंद करा असं कधीच सांगत नसू. जेवढी खाता तेवढीच रोज खा, आज ढीगभर आणि उद्या काही नाही असं करू नका, एवढंच मागणं.

हीच गोळी एकेकाळी उंदीर मारायला वापरत. हे हल्ली सगळ्यांना मोबाइलवर कळतं. एका पेशंटचा इंजिनियर मुलगा रागाने लाल होऊन खोलीत आला आणि माझ्या वडलांना तुम्ही ‘एलि मरुंदु’, म्हणजे उंदराचं औषध देता, म्हणून मोबाइल माझ्या नाकाला लावला. मी म्हटलं, बरोबर आहे, फरक इतकाच की उंदीर दर महिन्याला आकडा तपासायला येत नाही. तुझ्या वडलांना तेवढं आणत जा. तो बसला. वडील मात्र घरी गेल्यावर सुनेला म्हणाले म्हणे, मला उंदीर समजून दूधभात झाकून ठेवत जाऊ नकोस.

धोक्याच्या खुणा सांगताना मी फार काळजी घ्यायची, कारण लोक शब्दाला धरून चालतात. पोटात रक्त गेलं तर शौचाला काळं होतं, हे सांगायलाच हवं. सर्वांना कळावं म्हणून मी एका मयलापूरच्या गृहस्थांना म्हटलं, फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनसारखं काळं आणि चिकट दिसलं तर लगेच या. पुढच्या वेळी त्यांची बायको माझ्यावर डोळे वटारून आली. त्या दिवसापासून यांनी कॉफी सोडली होती, आणि कॉफीशिवाय त्यांचा स्वभाव घरात कुणाला सोसवत नव्हता. पण पुढे गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेली दुकानातली गोळी त्यांनी आठवडाभर घेतली, आणि सकाळी डिकॉक्शन दिसताच तडक इमर्जन्सीत हजर झाले. वॉरफरिनवर असताना अशा वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं म्हणजे पोटाला भोक पाडून घेणंच. ते वाचले. कॉफीही पुन्हा सुरू झाली.

माझा एक पेशंट सेल्वम गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या विभागात होता. कापून घेऊ नकोस, ब्लेडने दाढी करू नकोस, मशीनने कर, असं मी त्याला बजावलं. मशीन घ्यायचा कंटाळा, म्हणून त्याने दाढीच सोडली. दिवस नेमके अय्यप्पाच्या माळेचे. माळ घातलेले भक्त दाढी वाढवतात, त्यांना सगळे ‘सामी’ म्हणतात आणि त्यांच्याशी कुणी वाकडं बोलत नाही. सेल्वमची दाढी बघून फोरमन त्याला सामी म्हणायला लागला. कँटीनवाला आधी त्याचं पान मांडायला लागला. सेल्वमने गळ्यात माळ नाही हे कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मोसम संपला, सगळ्यांच्या दाढ्या गेल्या, याची राहिली, तेव्हा फोरमनला संशय आला. मग मीच त्याला दटावलं की दाढीचं सोड, तू या गोळीवर आहेस हे पत्रा कापणाऱ्या जागी माहीत असायला नको का? नोकरी जाईल म्हणून तो भ्याला होता. शेवटी त्याने फोरमनला सांगितलं आणि फोरमनने त्याला स्टोअरमध्ये बदलून घेतलं. मला येऊन म्हणाला, सिस्टरम्मा, स्टोअरमध्ये मला कुणीच सामी म्हणत नाही.

सगळ्यांच्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. एक शिक्षक होते, माझ्याच वयाचे, आकडा नेहमी चोख. त्यांना कुणीतरी फोनवर पाठवलं की लसूण आणि मध घेतला तर कुठल्याच गोळीची गरज नाही. बरं वाटत होतं म्हणून त्यांनी गोळी सोडली, आणि खोलीत यायचंही सोडलं. झडप अडकल्यावर आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. मला अजून त्यांचा राग येतो आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. ही गोळी सोडल्याचं माणसाला काही कळत नाही, दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ती भयंकर आहे. त्यानंतर माझा आवाज आणखी वाढला.

पण आज मला सांगायचंय ते रावांबद्दल.

मुकुंद राव बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले. पहिल्यांदा आले तेव्हा माझं नाव वाचून त्यांनी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि मी सुई हातात धरून बघतच राहिले. बखरीतला कारभारी उठून आल्यासारखी ती भाषा, वर तमिळ हेल. माझी मराठी त्यांना तितकीच विचित्र वाटायची. तुम्ही फार घाईंत बोलतां, असं म्हणायचे. बरोबर त्यांच्या पत्नी कमलाबाई. मुलं परदेशात, घरात ही दोघंच. राव आदर्श पेशंट. गोळी वेळेवर, पालेभाजी रोज तेवढीच, आकडा तीनच्या घरात बसलेला. मी नव्या पेशंटना त्यांच्याकडे बोट दाखवून धडे द्यायची.

आणि एका आषाढात या आदर्शाचा आकडा साडेसहावर गेला. दात घासताना रक्त येत होतं, दंडावर निळे-काळे डाग होते. डॉक्टरीणबाईंनी गोळी थांबवली आणि मी चौकशीला बसले. चुकून दोनदा गोळी घेतली? नाही. दुखण्याची गोळी? नाही. अँटिबायोटिक? काढा, लेह्य, आयुर्वेदिक? नाही. दारू घेता का, हेही विचारावं लागतं. मी विचारलं. राव भिंतीकडे बघत राहिले आणि कमलाबाई पदरात तोंड घालून हसल्या. जेवणात काही बदल? राव ठामपणे म्हणाले, कांहीं बदल नाहीं.

आकडा उतरला, कमी गोळी सुरू केली, आणि पुढच्या तपासणीत तो पुन्हा चढलेला. आता डॉक्टरीणबाईंच्याही कपाळाला आठ्या. लिव्हरच्या तपासण्या झाल्या, त्या स्वच्छ. मी रावांना हात जोडून विचारलं, जेवणात खरंच काही बदललं नाही ना? त्यांना माझी कीव आली असावी. सिस्टरम्मा, मी खोटें बोलत नाहीं, म्हणाले.

त्याच आठवड्यात कमलाबाई त्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. देवघराची चौकट ठेंगणी, वाकून आत जाताना कपाळ आपटलं होतं. एरवी टेंगूळ आलं असतं. रावांचा डोळा वांग्यासारखा काळा झाला होता. ते स्वतः म्हणत होते की काही नाही, घरी जाऊ. पण या गोळीवरच्या माणसाचं डोकं आपटलं तर बाहेर काय दिसतं याला अर्थ नसतो. आत हळूहळू रक्त साचत जातं आणि माणूस दोन तास गप्पा मारून मग झोपतो, तो उठत नाही. त्यांना ताबडतोब स्कॅनला नेलं.

बाहेरच्या बाकावर कमलाबाई आणि मी. त्यांचं मन दुसरीकडे लागावं आणि माझं डोकंही जागेवर राहावं म्हणून मी विचारलं, काल त्यांच्या पानात काय काय होतं, पदार्थ न् पदार्थ सांगा. त्या सांगू लागल्या. भात, मुगाचं वरण, मिरी-जिऱ्याचं सार, उडदाची वडी, आंबा, ताक. मी म्हटलं, आणि भाजी? कीरै, पालेभाजी?

“भाजी कशी असेल सिस्टरम्मा? आषाढ कीं. शाकव्रत.”

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे चातुर्मास म्हणजे कांदा, लसूण आणि वांगं बंद. त्याने आकड्याला काही होत नाही. यांच्या माध्व वैष्णव घरात चातुर्मासाचा पहिला महिना भाजी म्हणून वर्ज्य. पाला नाही, फळभाजी नाही, काही नाही. वर्षभर रोज वाटीभर कीरै खाणारा माणूस आषाढी एकादशीला ती एका दिवसात सोडून बसला होता. गोळी मात्र पाल्याच्या हिशेबाने चाललेली. आकडा चढणार नाही तर काय होईल? आदल्या वर्षी हे कसं झालं नाही म्हणाल, तर आदल्या वर्षी आषाढात त्यांची झडपच बसलेली नव्हती.

स्कॅन स्वच्छ आला. मला बाकावरच रडू आलं, ते मी जांभईत घातलं. मग आत जाऊन ट्रॉलीवर पडलेल्या रावांना, त्या काळ्या डोळ्यासकट, मराठीत झाडलं. दर वेळी विचारत होते की जेवणात काही बदल? तुम्ही नाही म्हणालात.

“जेवणांत बदल नाहीं कीं,” राव म्हणाले. “हें व्रत. व्रताचें कोणी विचारलें नाहीं.”

डॉक्टरीणबाई तमिळ, पण घरच्या सोवळ्या. मला वाटलं त्या व्रत बंद करा म्हणतील, आणि राव तर भांडायच्या तयारीने उठूनच बसले होते. सत्तर वर्षांत मोडलें नाहीं, आतां मोडणार नाहीं, म्हणाले. बाई म्हणाल्या, मोडू नका. फक्त कधी बसतं आणि कधी सुटतं ते आम्हाला आधी सांगा, त्या महिन्यात गोळी कमी ठेवू आणि दर आठवड्याला बोट टोचू. दुसऱ्या दिवशी मी खोलीत पंचांग आणून टांगलं. त्यानंतर नव्या पेशंटला मी औषधांच्या आधी व्रतं विचारायची. कोण एकादशी करतो, कोण द्वादशीला अगत्ति कीरै, म्हणजे हादग्याचा पाला, खाल्ल्याशिवाय उपास सोडत नाही, कोण रमजानमध्ये गोळीची वेळ बदलतो. लोक खुशीने सांगत. देवाची चौकशी करणारी नर्स त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

पुढच्या वर्षी आषाढी यायच्या आधीच राव हजर. गोळी ठरल्याप्रमाणे कमी केली. मी निर्धास्त होते, आणि पहिल्याच तपासणीत आकडा दीडवर आला. मी यंत्र बदललं, बोट बदललं. दीडच. गेल्या वर्षी रक्त पाण्यासारखं होतं, आता घट्ट झालं होतं. म्हणजे झडपेवर गाठ होण्याची भीती. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवणारी, पोटावर टोचायची इंजेक्शनं सुरू केली आणि आपला हिशेब चार वेळा तपासला. हिशेबात चूक नव्हती. राव म्हणाले, व्रत पुरतें पाळतों, आणि या माणसाचं खोटं बोलणं मी ऐकलेलं नव्हतं.

मग मी कमलाबाईंकडे वळले. पान विचारलं. भात, वरण, सार, मुगाचा डोसा. मागच्या वर्षी डोसा नव्हता, मी म्हटलं. हो, त्यांना आवडतो म्हणून हल्ली रोज करतें. हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता पंचांगाकडे बघत होत्या. सबंध मुगाचा डोसा हिरवागार असतो. त्यात आणखी काही हिरवं वाटून घातलं तर दिसतं कुणाला? मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. इंजेक्शनांनी नवऱ्याच्या पोटावर पडलेले डाग त्यांनी पाहिले होते, त्यामुळे फार खोदावं लागलं नाही. मुरुंगै, म्हणजे शेवग्याचा पाला, मूठभर, रोज पिठात. गेल्या वर्षीचा तो काळा डोळा त्यांना अजून दिसत होता. गोळी कमी केली आहे हे त्यांना माहीत होतं, पण गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि पाल्याने आकडा उतरतो हे मीच त्यांना शिकवलं होतं.

“पाप मज लागूं दे,” त्या म्हणाल्या. “ते असावे, पुरे. त्यांस सांगूं नका.”

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ते सांगणं भागच होतं. त्या आधी चिडल्या, मग खुर्चीत मागे रेलून हसल्या. मग म्हणाल्या, व्रत असो की नसो, पाला रोज तेवढाच जातोय ना, मग गोळीही नेहमीचीच. मी कमलाबाईंना दम भरला की घालायचाच तर मोजून घाला, एक दिवस मूठ आणि एक दिवस चिमूट असं चालायचं नाही. व्रत संपलं की हळूच बंद करायचं आणि नेहमीची कीरै सुरू. त्यांनी शाळकरी मुलीसारखी मान हलवली.

आता राहिले राव. व्रतातही गोळी नेहमीइतकी का, हे त्यांना काय सांगायचं? पुढच्या तपासणीला कमलाबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि राव माझ्यासमोर बसले होते. आकडा पावणेतीन आला. मी नजर चुकवत काहीबाही सांगायला लागले. प्रकृती बदलते, वय होतं, हवामान. रावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

“मुगास मुरुंगैचा वास येत नाहीं, सिस्टरम्मा,” ते म्हणाले. “पहिल्या घासांतच कळलें.”

मी सुई खाली ठेवली. मग विचारलं का नाहीत, म्हटलं.

“विचारलें तर ती खरें सांगेल. मग मज तें खाणें सोडावें लागेल. सोडलें तर ती रात्रभर माझा श्वास मोजत बसेल. गेल्या वर्षीं बसली होती.”

आणि सत्तर वर्षांचं व्रत? मी विचारलं.

राव दाराकडे बघत होते. कमलाबाई औषधांची पिशवी घेऊन येत होत्या.

“हें व्रत त्याहून कठीण आहे,” ते हळूच म्हणाले, आणि बायको आत येताच तिला विचारलं, संध्याकाळीं डोसेच कीं?